तळ्यात सोडलेली बंडू

मित्रांनो, मी एक कासव आहे. कासव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दोनशे वर्षांचं, सुरकुतलेलं, शहाणं कासव येत असेल. मी तशी नाही. माझं वय एखाद्या शाळकरी मुलीएवढं आहे आणि शहाणपण म्हणाल तर मुळीच नाही. माझ्या बाबतीत जे जे घडलं, त्यातलं पुष्कळसं मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता उमगलं तर बघावं, असा विचार आहे.

माझी आई मी पाहिलेली नाही. कुठल्याशा दूरच्या देशात एका लांबलचक शेडमध्ये, दिव्यांच्या उबेत माझं अंडं फुटलं. माझी पाठ तेव्हा पोपटी होती आणि दोन्ही डोळ्यांमागे लाल पट्टे होते. ते पट्टे आजही आहेत. मी रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी असेन. ओल्या कापडात आम्हा पिल्लांना एकावर एक रचून खोक्यात भरलं. खोकं हललं, थंड पडलं, पुन्हा तापलं. ते उघडलं तेव्हा मी मुंबईतल्या एका दुकानात होते आणि माझ्या खालची काही पिल्लं हलत नव्हती.

त्या दुकानाचा मालक मोठा गोड बोलायचा. एका गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "सिंगापूरचा माल आहे साहेब." दुसऱ्याला सांगायचा, "जपानी कासव, घरात लक येतं." मी काचेतून ऐकत असे. मी नक्की कुठली, हा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

ज्या वर्षी गणपती दूध पितो अशी बातमी घरोघर पसरली होती, त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला श्रीपाद नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. ते डोंबिवलीला एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांची मुलगी ऋजुता त्यांच्या बोटाला धरून उभी होती. तिने काचेला नाक लावलं आणि मी मान वर केली. तेवढ्यावर सगळं ठरलं.

"मोठं होतं का हो हे?" श्रीपादरावांनी विचारलं.

"नाही साहेब. एवढंच राहणार. बाउलमध्ये ठेवा, चिमूटभर खाणं टाका, बस्स."

हे वाक्य मी आधीही बऱ्याचदा ऐकलं होतं. तो खोटं बोलतोय हे मला तरी कुठे माहीत होतं? मलाही वाटलं, आपण एवढ्याच राहणार.

डोंबिवलीच्या त्या घरात ऋजुताने माझं नाव बंडू ठेवलं. मी मादी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आजी, म्हणजे श्रीपादरावांच्या आई सरस्वतीबाई, मला बघून हात जोडायच्या. "कूर्मावतार आहे हो हा. आपण होऊन घरी आलाय."

"आपण होऊन नाही आलेला. ह्यांनी पैसे देऊन आणलाय," ऋजुताची आई, नलिनीताई, म्हणायच्या आणि हसायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

ते दिवस सुखाचे होते. शाळेतून आली की ऋजुता मला तळहातावर घेऊन टीव्हीसमोर बसायची. तिची सावली पाण्यावर पडली की खाणं येतं, हे मी शिकले. माणसाची सावली म्हणजे पोटभर जेवण. दुसरं काही शिकायची मला गरजच पडली नाही.

पण मी वाढत गेले. बाउल पुरेना म्हणून बादली आली. बादली पुरेना म्हणून गॅलरीत प्लास्टिकचा टब आला. पाठीचा पोपटी रंग गेला, ती काळपट झाली आणि बशीएवढी झाली. पाणी दुसऱ्याच दिवशी घाण व्हायचं आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत जायचा. ऋजुताची मैत्रीण एकदा नाक दाबून म्हणाली, "ई, हे तर किती मोठं झालं!" त्या दिवसापासून ऋजुताने मला हातात घेणं कमी केलं. मी तीच होते. माझं काय चुकलं, हे मी टबाच्या कडेला नखं लावून विचारत असे, पण ती खरखर ऐकून नलिनीताई गॅलरीचं दार लावून घेत.

मग ऋजुता आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कासव आहे? त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुता ना?" त्यांनी एवढंच विचारलं. पण घरी आल्यावर नलिनीताई म्हणाल्या, "आता ते या घरात नको. बास झालं."

श्रीपादराव मला पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. मालक पिशवीत डोकावला आणि त्याने मान हलवली. "मोठं झालेलं परत घेत नाही साहेब. कोण घेणार?"

"तुम्हीच म्हणाला होतात, एवढंच राहतं."

"सोडून द्या कुठेतरी. मुका जीव आहे, दुवा देईल."

शेजारचे सुधीरकाका म्हणाले, खाडीत टाका. श्रीपादरावांना ते पटलं नाही. "खाडीत आमच्या कारखान्यांचं पाणी जातं हो. मरेल ते. ठाण्याला, वागळे इस्टेटच्या पलीकडे एक स्वच्छ तळं आहे, तिथे सोडतो." मित्रांनो, हा माणूस वाईट नव्हता. उलट त्यांनी माझ्यासाठी चांगलं तळं शोधलं. म्हणून तर मला त्यांच्यावर रागावताही येत नाही.

आजीने एकादशी निवडली. माझ्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि त्या म्हणाल्या, "जा बाबा, मोकळा झालास. आमच्यावर कृपा असू दे." तळ्याच्या पायरीवर ऋजुताने मला धरून ठेवलं होतं.

"बाबा, त्याला इथे कोण ओळखतं?"

"अगं, कासव ते. पाणी हेच त्याचं घर."

"पण ते आपल्या टबात राहायचं. हे त्याचं घर कसं?"

श्रीपादरावांनी तिच्या हातातून मला अलगद घेतलं आणि पाण्यात ठेवलं. मी वळून त्यांच्या सावलीकडेच पोहत आले. "बघ, निरोप घेतोय," आजी म्हणाल्या. मी निरोप घेत नव्हते. मला भूक लागली होती.

तळ्याला भिंती नव्हत्या. पहिले काही दिवस मी नुसती भिंत शोधत पोहत होते. मग भुकेने शिकवलं. शेवाळाला चिकटलेली माशांची अंडी, बेडकांची पिल्लं, गोगलगायी, कोवळी पानं, जे तोंडात मावलं ते मी खाल्लं. चिमूटभर खाण्यावर वाढलेल्या मला तिथे ताटच्या ताट मांडलेलं होतं. ते कुणासाठी मांडलेलं होतं, हे विचारावं असं सुचलं नाही.

तळ्याच्या मधोमध एक सपाट दगड होता. त्यावर एक कासव उन्हाला बसायचं. त्याच्या पाठीची कड मऊ होती, नाक लांबट होतं आणि डोळ्यांमागे पट्टे नव्हते. दुकान सुटल्यानंतर इतक्या वर्षांनी मी दुसरं कासव बघत होते. आनंदाने मी दगडावर चढले. ते सरकलं. मी आणखी जवळ गेले. ते पाण्यात उतरलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मला सोबत हवी होती. पण पुढे पुढे ते दगडाकडे येईनासंच झालं आणि दगड माझा एकटीचा झाला.

एका रविवारी पायरीवरून हाक आली, "बंडू!" ऋजुता पाव घेऊन आली होती. मी धावले. श्रीपादराव खूश झाले. "बघा, कसा गुटगुटीत झालाय! आपण योग्यच केलं." सोबत सुधीरकाका होते. त्यांच्याही घरी एक वाढलेलं कासव होतं. पुढच्या वेळी ते आले ते हातात बादली घेऊनच. त्यानंतर आणखी कुणीकुणी आले. तळ्यात लाल पट्ट्याची तोंडं दिसू लागली. त्यात लांब नखांचा एक नरही होता. ऋजुता मात्र पुन्हा दिसली नाही.

त्या तळ्यावर दामाजी नावाचे कोळी आणि त्यांची बायको भागीरथी यांचं छोटं घर होतं. दामाजी मूळचे खाडीत मासेमारी करणारे. खाडीतली मासळी संपत आली तेव्हा ते तळ्यावर आले. तळ्यात ते माशांची पिल्लं सोडत, वाढवत आणि विकत. पण आता त्यांचं जाळं हलकं येऊ लागलं होतं. ते रिकामं जाळं झटकायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे. वरच्या वस्तीचं सांडपाणी तळ्यात उतरत होतं, गणपती बुडवल्यावर रंग उतरत होता, आणि पाण्यात आम्हीही होतो. मासे कशामुळे गेले, हे दामाजींना ठाऊक नव्हतं. मलाही नाही. मी काय काय खाल्लं, तेवढं फक्त मला ठाऊक आहे.

एका हिवाळ्यात माझ्या अंगात विचित्र ओढ सुरू झाली. पाणी नकोसं झालं. सकाळी मी काठावर चढले, भागीरथीच्या अळूच्या वाफ्यात शिरले आणि मागच्या पायांनी माती उकरू लागले. हे मला कुणी शिकवलं होतं? मी खड्ड्यात अंडी घातली आणि माती ओढून घेत होते, तेवढ्यात भागीरथीने मला दोन्ही हातांनी उचललं.

"आवो, इकरं या. यो कासव बघा, आंडी घालतंय."

दामाजी वाकून बघू लागले. "यो आपल्या तळ्यातला नाय. याचे कानाव लाल पट्टा हाय."

"मंग याला सोरला कोनी?"

"मना काय म्हाईत? शेरातली लोका येतान, टाकतान नि पाया परतान."

"आता काय कराचा? मारून टाकाचा?"

"नको गं. देवाचा जीव."

"मंग परत पान्यान सोरता? नि ही आंडी? उद्या सगल्या तळ्यान हीच झाली त आपून काय विकाचा, हळदकुंकू?"

दामाजी डोकं खाजवत उभे राहिले. त्यांचाही माझ्यासारखाच गोंधळ झाला होता. मारवत नव्हतं आणि सोडवत नव्हतं. शेवटी त्यांनी मला घरामागच्या सिमेंटच्या हौदात ठेवलं आणि आत एक दगड टाकला. अंड्यांना हात लावायला ते तयार होईनात. भागीरथीने वाफा उकरला, अंडी परातीत काढली आणि पदराने तोंड पुसत ती घराच्या पलीकडे गेली. परत आली तेव्हा परात धुतलेली होती.

मित्रांनो, मी तिचा राग करू का? ती अंडी माझी होती. पण त्या पाण्यात जे होतं ते आधी कुणाकुणाचं होतं आणि मी ते खाल्लं होतं. रोज संध्याकाळी तीच भागीरथी माझ्यापुढे माशांची डोकी टाकते आणि म्हणते, "खा गं बाय." बंडूची बाय झाली ती तिच्यामुळेच.

परवा हौदातल्या दगडावर मी ऊन खात बसले होते. तळ्याच्या पायरीशी एक स्कूटर थांबली. एक गृहस्थ उतरले. त्यांच्या हातात पाण्याची पिशवी होती आणि पिशवीत माझ्यासारखंच एक तोंड, लाल पट्ट्याचं. भागीरथी जाळं वाळत घालत होती. ती पुढे झाली.

"ओ शेट, तो हितं टाकू नका."

"अहो, टाकत नाहीये. सोडतोय. मोकळं करतोय त्याला."

"मोकला तुमी होताव. तो कशाला मोकला व्हतंय?"

गृहस्थ चिडले. "घरी जागा नाही हो. मुलगा आता बघतही नाही त्याच्याकडे. मग काय करू मी, मारू?"

भागीरथीने हौदाकडे पाहिलं. हौदात माझ्यापाठोपाठ धरून आणलेली चार कासवं होती, आम्ही एकमेकांच्या पाठीवर चढत होतो. "आमच्याकरं पन जागा नाय," ती हळूच म्हणाली.

गृहस्थांनी पिशवी हँडलला अडकवली आणि स्कूटरला किक मारली. पिशवीतलं ते तोंड मान वर करून त्यांच्याकडेच बघत होतं. ठाण्यात तळी पुष्कळ आहेत. ते घरी गेले की दुसऱ्या तळ्याकडे, हे मला हौदातून दिसलं नाही.

यात कोण चुकलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला समजलं तर बरंच आहे. माझं मागणं एवढंच आहे, की दुकानाच्या काचेतून एखादं पोपटी पिल्लू मान वर करून तुमच्याकडे पाहू लागलं, तर त्याच्याकडे बघून हसा आणि पुढे जा. घरी आणलंतच, तर ते कुरूप होईल, घाण करेल, कंटाळवाणं होईल, तेव्हाही त्याला घरातच ठेवा, अगदी ते म्हातारं होईपर्यंत. त्याला सोडायला तळं शोधू नका, मित्रांनो. तळं कितीही स्वच्छ असलं, तरी तिथे आधीपासून कुणीतरी राहत असतं.