घराला खिडक्या किती?

मी दिवसभर सुयांशी खेळते आणि इंजेक्शनला भिते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मध्येच कुणी हसलेलं मला खपत नाही.

पडदे शिवणं हा माझा धंदा. लोकांच्या घरी जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची, परत येऊन मशीनवर बसायचं. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. आमचे हे लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावर असतात आणि दहा दिवस अंथरुणावर. आई पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. आमच्या भागातल्या निम्म्या दंडांना त्यांची सुई लागलेली आहे. गेली तीन वर्षं मात्र त्यांची आठवण उसवत चालली आहे. एक टाका निसटला की पुढचे चार निसटतात, तसं.

मला त्या ओळखत नाहीत. कधी मी वॉर्डातली आया असते, कधी शेजारीण, कधी नुसतीच 'अगं ए'. रोज दिवेलागणीला पिशवी काखोटीला मारून दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, "चल गं, उशीर झाला. मला घरी सोड." सुरुवातीला मी सांगायचे, "आई, हेच आपलं घर." त्यावर त्या इतक्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या की मी सांगणंच सोडलं. आता निमूट चप्पल घालते, कोपऱ्यापर्यंत फिरवून आणते. परत आल्यावर त्या पाहुण्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसतात, पिशवी मांडीवर घेऊन. मला तेवढं एकच दृश्य बघवत नाही.

मागच्या थंडीत फ्लूने त्यांना नऊ दिवस दवाखान्यात लोळवलं होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी यंदा आधीच बोलावून सांगितलं, "लस घेऊन टाका. यांनी आणि तुम्हीसुद्धा. लस घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं नाही, पण जिवावर बेतायची भीती बरीच कमी होते. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, एवढंच."

सांगायला काय जातं! बाईंना रक्ततपासणीचा दिवस माहीत नव्हता.

चार महिन्यांपूर्वी आईंचं रक्त काढायला नेलं होतं. सुई दिसली आणि त्या बिथरल्या. एकाने खांदे धरले, एकीने पाय धरले, आणि हात धरायला सांगितला मला. मी धरला. "सोड ना गं," म्हणाल्या. मी सोडला नाही. घरी आल्यावर बघते तर त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ. चार दिवस त्या माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. मी जवळ गेले की भिंतीला चिकटायच्या. शेजारणीला बोलावून भरवावं लागायचं. पाचव्या दिवशी माझ्या हातून चहाचा कप घेतला, तेव्हा मी नळ मोठा सोडून पोटभर रडले.

त्यांच्याकडे आता माझं नाव नाही, नातं नाही. 'हा हात आपल्याला दुखवणार नाही' एवढंच उरलंय. तेही मीच घालवायचं? आणि नाही टोचलं तर परत ते नऊ दिवस, आणि या वेळी दहावा उजाडलाच नाही तर? इकडे आड, तिकडे विहीर.

यांना फोन लावला. पलीकडे ट्रकचा आवाज आणि मग, "तू बघ काय ते." 'तू बघ' ऐकण्यात माझी सतरा वर्षं गेली. मग नणंदेला लावला. त्या म्हणाल्या, "या वयात कशाला गं ती टोचाटोची? आणि आईला काही झालं म्हणजे?"

"ताई, मग थंडीपुरतं तुम्ही येऊन राहता का?"

"आले असते गं, पण माझे गुडघे..."

ताईंचे गुडघे फार शहाणे आहेत, बरोबर वेळेवर दुखतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की मात्र ठणठणीत. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं, नाही टोचायचं. दार लावून घेईन, कुणाला आत घेणार नाही, बघते फ्लू कुठून येतो ते.

दुसऱ्याच दिवशी बेकरीवाली आली पडद्याचं कापड पसंत करायला. नाक टोमॅटोसारखं लाल. मी दारातच थोपवणार, तेवढ्यात तिला आतल्या खुर्चीत आई दिसल्या.

"अगंबाई, सिस्टर! ओळखलंत का? घराला खिडक्या किती?"

आई तोंडभर हसल्या. ओळखलं नव्हतं. हल्ली कोण आहे ते कळलं नाही की त्या जास्तच गोड हसतात.

बेकरीवाली मला सांगायला लागली. जसं काही मला माहीत नाही! ही गोष्ट मला सगळा गाव ऐकवतो. आईंची युक्तीच होती ती. पेशंट घाबरलेला असला की त्याचा हात हातात घ्यायचा आणि विचारायचं, "तुमच्या घराला खिडक्या किती?" वय विचारलं तर माणूस पटकन सांगून मोकळा होतो. खिडक्या मात्र कुणी मोजलेल्या नसतात. त्याला मनातल्या मनात घरात शिरून, खोली-खोली हिंडून याव्या लागतात. तो हिंडून येईपर्यंत सुई आत-बाहेर झालेली असते. "आमच्याकडे न्हाणीघराच्या खिडकीपर्यंत पोचले होते मी, आणि यांनी कापूस लावलासुद्धा!" असं म्हणून बेकरीवाली माझ्या क्रीम रंगाच्या कापडावर तीनदा शिंकली.

तिला मी ज्या वेगाने बाहेर काढलं, त्यावर ती बहुतेक अजून रुसलेली असेल. कापड भिजत टाकलं आणि मग डोक्यात उजेड पडला. दिव्याखाली अंधार तो हाच. मी दार कुणाला लावणार होते? महिन्याला वीस घरं हिंडते मी. प्रत्येक घरात कुणीतरी खोकत असतं, मी त्यांच्या खिडकीशी उभी राहून टेप धरते आणि त्याच हाताने येऊन आईंना भरवते. फ्लूला आत यायला बेकरीवाली कशाला हवी? मी आहे की.

तेव्हा माझा निर्णय झाला. मी टोचून घ्यायचं, मग चक्कर येवो नाहीतर भोवळ. आईंना बरोबर न्यायचं. पण धरायचं नाही. त्यांनी हात दिला तर दिला, नाही तर तशाच परत आणायच्या. आणि डॉक्टरीणबाई रागावल्या तर मलाही रागावता येतं.

दवाखान्यातली नर्स जाड भिंगांच्या चष्म्याची, शांत बाई होती. तिला मी बाहेरच सगळं सांगितलं. "यांना धरायचं नाही, म्हणजे नाही." ती म्हणाली, "नाही धरणार. आधी तुम्ही बसा."

मी बसले. आईंना शेजारच्या स्टुलावर बसवलं. नर्सने ट्रेवरचा कपडा बाजूला केला आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. "सैल सोडा," नर्स म्हणाली. मी दंड आणखी आवळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि तिथे बसून मुसमुसत होते.

आणि माझ्या कोपराखाली एक हात आला.

आई उठून उभ्या राहिल्या होत्या. पिशवी स्टुलावर, पाठ ताठ. इतकं ताठ मी त्यांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. "पहिलीच वेळ वाटतं," त्या नर्सला म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "इकडे बघ. माझ्याकडे. काही होत नाही. घराला खिडक्या किती गं तुझ्या?"

मला युक्ती माहीत होती, तरी मी घरात शिरले. बाहेरच्या खोलीत दोन. स्वयंपाकघरात एक. मागच्या खोलीत एक. न्हाणीघराची एक.

"पाच," मी म्हणाले.

"झालं," नर्स म्हणाली.

आईंनी माझ्या गालावर टिचकी मारली. "उगाच रडत होतीस."

मग नर्सने त्यांच्याकडे पाहिलं. "सिस्टर, आता तुमची पाळी." आणि आईंचा चेहरा उतरला. हात पटकन शालीत गेला. त्यांनी दाराकडे पाहिलं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. नुसतं विचारलं, "आई, तुमच्या घराला खिडक्या किती?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, खुदकन. "मलाच शिकवतेस होय?" त्यांनी शाल खाली टाकली आणि स्वतः बाही वर केली. "हवा काढलीस ना नीट?" हे नर्सला. आणि मला, "सहा."

"पाच ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सहा! मी बसवून घेतल्यात, मला नाही माहीत? मागच्या खोलीत दोन आहेत. एकीपुढे आमच्या सुनेने कापडाची मांडणी लावली. म्हटलं, अगं, उजेड जाईल. ऐकेल तर शपथ." दंडात सुई गेली आणि निघाली, त्यांनी पापणीही हलवली नाही. "गुणाची आहे. रागीट आहे थोडी. पण माझं सगळं तीच करते. तू ओळखत नसशील."

"नाही," मी म्हणाले.

मांडणीचं खरं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यावरून आमचं चांगलं वाजलं होतं आणि मी जिंकले होते. इतकी जिंकले की भिंतीत खिडकी आहे हेच विसरून गेले. रोज लोकांच्या खिडक्या मोजणारी मी.

घरी आल्यावर आईंना झोप लागली. मी दुखऱ्या दंडाने एकेक तागा खाली उतरवला आणि मांडणी ओढत ओढत दुसऱ्या भिंतीला नेली. मागे जाळी, धूळ आणि सहावी खिडकी. कडी गंजली होती. मशीनचं तेल घातलं, काच पुसली.

दिवेलागणीला आई नेहमीसारख्या पिशवी घेऊन दारात. "चल गं, उशीर झाला. मला घरी सोड." दवाखाना, सुई, सून, सगळं पुसून गेलेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? थोडी आशा धरलीच होती.

चप्पल शोधता शोधता मी विचारलं, "सोडते. पण घर कुठलं ते कळायला नको? खिडक्या किती तुमच्या घराला?"

"सहा," त्या लगेच म्हणाल्या.

"मग या, बघू हेच आहे का ते."

मी त्यांचा हात धरला नाही, नुसता पुढे केला. त्यांनी तो धरला. बाहेरच्या खोलीतल्या दोन त्यांनी बोट लावून मोजल्या. स्वयंपाकघरातली तीन. न्हाणीघराची चार. मागच्या खोलीतली पाच. मग त्या वळल्या आणि थांबल्या. सहाव्या खिडकीतून संध्याकाळचा उजेड सरळ माझ्या मशीनवर पडला होता. त्यांनी कडीवर हात ठेवला, ती वर उचलून डावीकडे ढकलली. कुणी न सांगता, जशी ती उघडते तशी. खिडकी उघडली.

"अगंबाई," आई म्हणाल्या, "आलो की आपण! मग सांगायचं नाही का?"

आणि पिशवी खाली ठेवून त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.