कमी पडलेले तीन वाव

मी एक जुना दोरखंड आहे. लांज्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून दोन कोस आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेच्या पडवीत, वाशाला मी टांगलेला असतो. मित्रांनो, पहिलीची मुलं माझ्याखाली बसून पाढे म्हणतात आणि मी वरून पावसाची काळजी करतो. माझा स्वभावच तसा झाला आहे. का झाला, ते सांगतो.

माझा जन्म हर्णे बंदरातला. सोनूबाई नावाच्या बाईने नारळाचा काथ्या भिजवला, कुटला आणि पीळ देऊन मला वळलं. खरं तर मी एखाद्या होडीवर जायचो. पण आमच्या गावचे सहदेव गुरुजी तिथे आले. आदल्या पावसात त्यांच्या गावचा गंगाराम नदीच्या फरशीवरून वाहून गेला होता. फरशी म्हणजे नदीवरचा बुटका पूल. जरा पाऊस झाला की पाण्याखाली जातो. तिथे धरायला दोर हवा, म्हणून गुरुजी मला घेऊन आले.

मला मोजायला काशीराम सुतार उभा राहिला. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जी लांबी होते, तिला आमच्याकडे वाव म्हणतात. मी बरोबर वीस वाव भरलो. नदीला अठरा लागत, दोन गाठींना. मृगाच्या आधी मला अलीकडच्या जांभळीपासून पलीकडच्या दगडी खांबापर्यंत ताणायचं, दिवाळीला उतरवून उन्हात वाळवायचं आणि करंजाचं तेल चोळायचं, असा नेम ठरला. पाच पावसाळे तो सगळ्यांनी पाळला. बाया माझ्यावर हात ठेवून निर्धास्त फरशी ओलांडत. शिमग्यात होळीचं झाड उभं करायलाही मलाच नेत. तेव्हा मी असा काही फुगलो होतो की विचारू नका.

मग एका वैशाखात माझं नशीब फिरलं. गिरणीचा संप फसल्यापासून महिपत गावी येऊन शेतीला लागला होता. त्याचा भाऊ मात्र अजून मुंबईतच होता. सुट्टी संपवून भाऊ परत निघाला. एस.टी.च्या टपावर आंब्याची पेटी चढली आणि बांधायला दोरी नाही! कंडक्टर घाई करू लागला. महिपत धावत शाळेत आला आणि कोयतीने माझा वावभर तुकडा तोडला.

“वावभरान काय होवाचा हाय?” तो स्वतःशीच पुटपुटला. “गावचाच तर दोर हाय.”

पंधरा दिवसांत आणखी चौघे आले. कुणाचा फणस, कुणाची तांदळाची बोरी. प्रत्येकाने वावभरच घेतला, आपण एकट्यानेच घेतला असं मानलं, आणि जाताना मला सैल गुंडाळून ठेवलं, म्हणजे वेटोळं पहिल्याएवढंच दिसावं. मुंबईकर गेले आणि मी पंधरा वाव उरलो. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

जूनमध्ये गुरुजी म्हणाले, “महिपत, दोर एकदा मोजून घेऊया.”

“मापाचा काय घेऊन बसलाव गुरुजी? वर्साला पुरतो, औंदा पन पुरंल.”

गुरुजींनी वर बघितलं. वेटोळं नेहमीएवढंच दिसलं. त्यांनी मान हलवली आणि ते हजेरी घ्यायला वळले.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. नदीत पाणीच नाही, मग दोर कशाला ताणायचा, असं म्हणत सगळे थांबले. पाऊस आला तेव्हा लावणीची एकच घाई उडाली आणि मी वाशालाच राहिलो.

एका सकाळी नऊ बाया पलीकडच्या मळ्यात लावणीला गेल्या. महिपतची बायको सखू त्यांच्यात होती. तेव्हा फरशीवर घोटाभर पाणी होतं. दुपारी डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी तांबडी होऊन चढू लागली. मळ्याच्या मागून एक ओढा येतो, तोही फुगला. पुढे नदी, मागे ओढा, मधे नऊ बाया, आणि त्या उभ्या होत्या तो बांधही बुडत चालला होता.

गुरुजी मला खांद्यावर टाकून धावले. महिपतचा शेजारी केरू गावातला पट्टीचा पोहणारा. त्याने माझं टोक उजव्या मनगटाला गुंडाळलं आणि वरच्या अंगाने पाण्यात उडी घेतली. काठावर महिपत मला सोडत होता. दहा वाव गेलो, बारा गेलो. पुढे काय होणार ते मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो.

“सोड! आनखी सोड!” केरू ओरडला.

“संपला रे!” महिपतच्या हातात फक्त माझं दुसरं टोक होतं. पलीकडचा काठ तीन वाव राहिला होता. मी ताणला गेलो, केरूला हिसका बसला आणि त्याचा खांदा निखळला. तरी त्याने मला सोडलं नाही.

महिपत पांढराफटक पडला. मग त्याने मला कमरेला बांधलं आणि तो पाण्यात शिरला. काशीरामने त्याचा हात पकडला, काशीरामचा हात गुरुजींनी, आणि गुरुजींनी दुसऱ्या हाताने जांभळीला मिठी मारली. तीन माणसं हात पसरून उभी राहिली आणि मी तीन वाव पुढे सरकलो. बायांनी केरूला ओढून काठावर घेतलं आणि मला खांबाला बांधलं.

छातीभर पाण्यातून एकेक बाई मला धरून निघाली. मी संपलो की महिपतचा खांदा, मग काशीरामचा, मग गुरुजींचा. सखूचा पाय फरशीवरून सुटला तेव्हा माझे पीळ करकरले. मी तुटेन अशी मला भीती वाटली, पण तिने महिपतची मान पकडली. शेवटी दोघी बायांनी केरूला मधे घेऊन आणलं. सगळी माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी महिपत मला घेऊन केरूच्या ओटीवर गेला. केरूचा हात गळ्यात बांधलेला होता.

“यातला एक वाव मी तोडला,” महिपत म्हणाला. “भावाची आंब्याची पेटी बांधाया.”

केरूने बांधलेला हात सावरला. मग त्याने विचारलं, “आंबे नीट पोचले काय रे?”

महिपत ओटीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. केरूचा उजवा हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही आणि तो पुन्हा नदीत उतरला नाही. ज्याने मला कधी कोयती लावली नव्हती, त्यालाच ते भोगावं लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर तीन वर्षं महिपत मला आणि मला जोडलेल्या नव्या पाच वावांना दर मे महिन्यात मोजत असे. मग गावाने निळा नायलॉनचा दोर आणला. तो माझ्या शेजारीच टांगलेला आहे. “हा कुजायचा नाय, तुटायचा नाय,” असं सगळे म्हणतात आणि मोजणं बंद झालं आहे.

माझ्याखाली बसणाऱ्या मुलांनो, आता हे तुम्हालाच सांगतो: शाळा परवाच उघडली. मुंबईकर नुकतेच परत गेले. निळ्या दोराला यंदा अजून कुणी खाली घेतलेलं नाही. तुम्ही घ्या. तुमचे हात लहान आहेत, म्हणून मोजायला महिपतला हाक मारा. तो नाही म्हणणार नाही. कमी भरला तर घरोघर जाऊन सांगा, कुणी रागावलं तरी सांगा. पुढच्या महिन्यात पलीकडच्या मळ्यात लावणी आहे, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आया तिकडे जाणार आहेत.