वीस शब्दांची करामत

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर ‘स्मृतिगुरू’ गर्जत होते, “मेंदूला गंज चढलाय, मंडळी! ही कॅप्सूल म्हणजे त्याचं तेल!” त्यांनी वीस शब्द वाचले. लोकांना सहा-सात आठवले. मग प्रत्येकाला एक कॅप्सूल दिली आणि अर्ध्या तासाने तेच शब्द पुन्हा वाचले. आता पंधरा-सोळा! टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या ताईला तर अठरा आठवले.

ताई नर्स, धडधाकट, पण सलग ड्युट्यांनी पिचलेली. मी तिच्याच रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर.

“ताई, तुला झोप हवीय, कॅप्सूल नको.”

“तुझं आपलं काहीतरीच! डोकं कसं लख्ख झालंय बघ.”

लख्ख डोक्याला वही कशाला? इंजेक्शन दिलं की लगेच नोंदवायची वीस वर्षांची सवय तिने सोडली. ड्युटी संपताना सगळं एकदम लिहायची. एका सकाळी तिने एका म्हाताऱ्या सुताराला इन्सुलिन दोनदा टोचलं. साखर उतरली, शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी ते गेले. ताईने आपण होऊन चूक कबूल केली आणि तिची नोकरी गेली.

महिन्याभराने ती म्हणाली, “मला खरं काय ते बघायचंय.”

मी रुग्णालयातल्या तीस धडधाकट सहकाऱ्यांना बोलावलं. वीस शब्द एकदा वाचले, सगळ्यांना सहा-सातच आठवले. मग दहा जणांना ती कॅप्सूल दिली, दहा जणांना तशीच दिसणारी पिठाची, दहा जणांना काहीच नाही. अर्ध्या तासाने तेच वीस शब्द दुसऱ्यांदा वाचले, तर तिन्ही गट पंधरावर! दुसऱ्यांदा ऐकलेलं कुणालाही जास्त आठवतं. मग नवे वीस शब्द वाचले. सगळे धपकन सातावर.

ताईने आकड्यांचा कागद ओढून घेतला. “म्हणजे माझं काहीच वाढलं नव्हतं?”

“फक्त खात्री वाढली होती, ताई.”

“ते आजोबा मला ‘पोरी’ म्हणायचे गं,” एवढंच बोलून तिने तोंड झाकून घेतलं.

धडधाकट माणसाची बुद्धी गोळीने तल्लख होते असं कुणी सांगितलं, तर एकच विचारा: गोळी न घेतलेल्यांचं काय झालं? त्या सभागृहात मी ताईच्या शेजारीच बसले होते. हा प्रश्न माझ्या मनात आलाही होता. पण टाळ्या वाजत होत्या, आणि मी गप्प राहिले.