बाहेरचं गिऱ्हाईक

ग्लेनिस ऑर्मरॉड बावीस वर्षं आमच्या हॅलिफॅक्सच्या कॉलेजात रिफ्लेक्सॉलॉजी शिकवत होत्या. म्हणजे तळव्याचा अमुक ठिपका दाबला की तमुक मूत्रपिंड खूश होतं, ते. जानेवारीत मान्यता देणाऱ्या संस्थेनं नवा नियम काढला: शिकवायचं तर अध्यापनाचा दाखला हवा, शिवाय बाहेरच्या गिऱ्हाइकांवर केलेले शंभर तास, प्रत्येक तासाला सही. मुदत पुढच्या वर्षीचा सप्टेंबर. नाहीतर नोकरी गेली. कागद तपासायचं काम माझं. मला स्वतःची नखंसुद्धा वेळेवर कापता येत नाहीत.

दाखला होता. तासही नऊशे होते, पण सगळे विल्फवर.

"नवऱ्याचे तास धरत नाहीत, ग्लेनिस."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी?"

"तरी घरचाच."

"मग बाहेरचा करू, बाळा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दोन तासिकांच्या मध्ये त्यांनी घटस्फोटाचा अर्ज भरला. विल्फनं सही केली. पुढ्यात येईल त्यावर सही करायची त्याची सवयच होती. जुलैत घटस्फोट मंजूर झाला, तो बहिणीकडे राहायला गेला आणि आठवड्यातून दोनदा, वेळ ठरवून, बसनं पाय घेऊन येऊ लागला.

शंभर तास भरले. उरला शेवटचा कागद: गिऱ्हाइकाचा अभिप्राय, उपचार करणाऱ्याच्या गैरहजेरीत. मी विल्फला चहा दिला.

"खरं लिहायचं?"

"नियमच आहे तसा."

त्यानं लिहिलं: 'चाळीस वर्षं गुदगुल्या सोसल्या. फायदा शून्य. आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता येणार नाही.' चहा संपवला आणि बस पकडली.

अभिप्राय वाईट असला तरी तास धरतात. फक्त खाली उपचार करणाऱ्यानं 'यातून मी काय शिकले' हे किमान पन्नास शब्दांत लिहायचं असतं. ग्लेनिसबाईंनी वाचलं. बराच वेळ पेनचं टोपण चावलं. मग लिहिलं.

मी मोजले. "अठ्ठेचाळीस. दोन कमी आहेत."

त्यांनी शेवटी जोडलं: 'विल्फ, ये.'

"गिऱ्हाइकाचं नाव लिहिता येत नाही," म्हणत मी ते काळ्या पेनानं खोडलं. "आता एक कमी."

"तू माणूस आहेस का रे?"

"तपासनीस आहे."

त्यांनी लिहिलं: 'घरी.'

पन्नास भरले. मी शिक्का मारला, नोकरी टिकली. शिक्का बसलेली फाईल गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही.