लाल नाडा

“मावशी, हात दाखवा.”

मथुराबाईने पदराआडचा हात काढला नाही. प्रभाकर मिस्त्री तिच्या ओट्यावर उभा होता. समोर गार पडलेली इस्त्री, आणि इस्त्रीच्या मागच्या पितळी पिनांना चिकटलेला काळा गोळा. सकाळपर्यंत तो गोळा म्हणजे वायर इस्त्रीला जोडणारा कनेक्टर होता.

“भाऊ, लाल नाड्याचाच होता,” मथुराबाई हळू म्हणाली. “दोन शर्ट झाले अन् वितळला. हाताले असा झटका बसला, मले सोडवताच येईना.”

छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला आणि बुऱ्हाणपुरात बदलून आलेल्या बाबू लोकांना कडक इस्त्रीचे शर्ट लागू लागले. त्यावर या एकट्या विधवेचं घर चाले. सारं त्या उजव्या हातावर, आणि आता त्याची बोटं मिटून बसली होती.

कनेक्टर दोन जातींचे, पण दिसायला दोन्ही काळे, सख्खे भाऊ. एक रेडिओचा, उष्णता न सोसणारा. दुसरा इस्त्रीचा, उकळत्या पाण्याच्या दीडपट ताप सोसणारा. गिऱ्हाइकाची चूक होऊ नये म्हणून प्रभाकर आपल्या विजेच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीच्या कनेक्टरला पूजेतला लाल नाडा बांधायचा. “बटन बंद करा, मग काढा. अन् वायर धरून ओढू नका,” हे तो प्रत्येकाला इतकं ऐकवी, की लोक त्याला मास्तर म्हणून चिडवत.

तो धावत दुकानात आला आणि डबा उपडा केला. एकूण एक कनेक्टरला लाल नाडा होता. रेडिओच्यासुद्धा.

परवा खंडेनवमीला तो तुकईथड गावी इंजिन दुरुस्तीला अडकला होता, आज सकाळीच परतला होता. मागे रजनीने, त्याच्या बायकोने, दुकानातल्या हत्यारांची पूजा केली होती. पकडीला नाडा, हातोडीला नाडा. मग कनेक्टरांनी काय घोडं मारलं होतं? आणि काल मथुराबाई आली तेव्हा रजनीनेच डब्यातला एक काढून दिला होता.

आतून रजनी आली. “काय झालं हो मावशीले? लोक काय काय सांगू राह्यले.”

“माझी गलती,” प्रभाकर म्हणाला. “मीच जाताना चुकीच्याले नाडा बांधून गेलो.”

त्याने गावालाही तेच सांगितलं. मास्तरच चुकला म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं, पण मथुराबाईच्या हाताकडे पाहिलं की त्याहून वाईट वाटे. बोटं उघडली नाहीत ती नाहीतच. मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो तिच्या ओट्यावर बसून शर्टांना इस्त्री करू लागला. ती डाव्या हाताने घड्या घाली.

वर्ष गेलं. खंडेनवमीला रजनी पूजेचं ताट घेऊन दुकानात आली. नाडे बांधून झाल्यावर काय सांगून सोडायचे, हे प्रभाकर आठ दिवस ठरवत होता.

ताटात हळद होती, कुंकू होतं, झेंडूची फुलं होती. नाडा नव्हता.

रजनीने एकेका कनेक्टरला कुंकवाचं बोट लावलं. तिचे डोळे भरून आले होते.

“मावशीचे शर्ट झाले का?” तिने विचारलं.

“दहाएक राह्यले.”

“मी येते. वर्षभर तुम्ही एकटेच जाऊ राह्यले.”

दोघं ओट्यावर आली. मथुराबाईने रजनीकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने बसायचा पाट तिच्याकडे सरकवला.