स्वित्झर्लंडची घरमालकीण

इटलीच्या दक्षिणेला, आमच्या फोज्जात, ऑगस्टमध्ये घरी सापडणं म्हणजे लाज. जुलै संपला की आमच्या इमारतीतले लोक एकेक करून बॅगा जिन्यावर दणादणा आपटत खाली नेतात, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. मग गावात उरतात ती मांजरं, चर्चचे फादर आणि ज्यांना कुठे जाणं परवडत नाही ते. आपण या तिसऱ्या गटात मोडतो हे कबूल करायची माझी कधीच तयारी नव्हती. म्हणून गेली अकरा वर्षं मी आणि माझा नवरा साबिनो ऑगस्टचे पंधरा दिवस बाहेरगावी जातो. जातो म्हणजे काय, बॅग घेऊन पुढच्या जिन्याने उतरतो, स्टेशनपर्यंत चालतो, दुपारी सगळे झोपले की मागच्या जिन्याने परत वर येतो आणि खिडक्यांच्या झडपा लावून घरात बसतो.

हसू नका, हे काम सोपं नाही. तळण करायचं नाही, वास जातो. संडासात पाणी सोडायचं ते खालून एखादा ट्रक धडधडत जात असेल तेव्हाच. रेडिओ कानाला चिकटवून ऐकायचा. परत आल्यावर अंगावर उन्हाने रापलेला रंग दिसायला हवा, म्हणून मागच्या गॅलरीत चादर बांधायची आणि तिच्याआड आळीपाळीने ऊन खायचं. एका वर्षी साबिनो तिथेच झोपला आणि त्याचा एकच हात लालभडक झाला. मी सगळ्यांना सांगितलं की आगगाडीत त्याने हात खिडकीबाहेर ठेवला होता. शिवाय त्याचा तो सिगारेटींचा खोकला. ऑगस्टमध्ये तो तोंडावर उशी दाबून खोकतो, बिचारा.

साधारणपणे आम्ही साबिनोच्या मावशीकडे समुद्रावर जायचो, म्हणजे तसं सांगायचो. पण चार वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, यंदाही मावशीच का? तो 'यंदाही' मला असा झोंबला की तोंडातून निघूनच गेलं, नाही बाई, यंदा स्वित्झर्लंड. साबिनो माझ्या मागे कलिंगड घेऊन उभा होता. त्याने ते पाडलं नाही हे त्याचे उपकार.

मग परत आल्यावर मी काय काय सांगितलं ते विचारू नका. तळ्याकाठचं गाव, लाकडी घर, गाईंच्या गळ्यात घंटा, भर ऑगस्टात डोंगरावर बर्फ. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ऐकणारे माना डोलवायला लागले की माझी जीभ सुटते. मी एक घरमालकीणसुद्धा उभी केली. फ्राउ रोझली तिचं नाव. ताडमाड उंच, ओठावर बारीक मिशी, सकाळी सहाला अकॉर्डियन वाजवणारी, आणि आम्ही निघालो तेव्हा दारात उभी राहून रडलेली. कार्ड का नाही पाठवलंस, असं कुणी विचारलं की मी पोस्टाच्या संपावर ढकलायची. आमच्याकडे संपावर कुणीही विश्वास ठेवतं.

चार वर्षं ती थाप सुखाने नांदली. यंदा मे महिन्यात मात्र ती माझ्या गळ्याशी आली.

आमच्या भिंतीला भिंत लागून दोन्ना इन्कोरोनाता राहतात; दोन्ना म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, चार वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून अंगावर काळे कपडे. एकुलता मुलगा मातेओ स्वित्झर्लंडला चीजच्या कारखान्यात कामाला आहे. एका गुरुवारी दुपारी त्या तरल्लींचा, म्हणजे आमच्याकडच्या खुसखुशीत खाऱ्या कड्यांचा डबा, एक वही आणि मातेओचं पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मार्चमध्ये मातेओला मुलगी झाली होती. आमच्या रीतीप्रमाणे तिचं नाव आजीवरून इन्कोरोनाताच ठेवायचं ठरलं होतं आणि बाप्तिस्मा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी होता. मातेओ दोघींची तिकिटं पाठवणार होता. दोघी कोण, तर एक त्या आणि दुसरी मी.

"तू जाऊन आलीयेस," त्या म्हणाल्या. "मला मिलान म्हटलं तरी धडधडतं, आणि तिथे गाडी बदलायची म्हणे. एकटीने जायचं असेल तर मी जायची नाही, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. मग नात फोटोतच बघायची."

मी हो म्हटलं. पलीकडच्या खोलीत साबिनो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती दहा मिनिटं थांबली नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी आमची प्रवासाची आखणी सुरू झाली. दोन्ना इन्कोरोनाता वही उघडणार, चष्मा लावणार, पेन्सिलीचं टोक जिभेला लावणार आणि विचारणार. तिथे कॉफी कशी मिळते? मोठ्या भांड्यात, मी म्हणे. मग ती प्यायची की त्यात अंघोळ करायची, असं म्हणून त्या लिहून घेत. गरम कपडे किती? दोन कोट. तळ्याचं पाणी कसं असतं? गार, पण गोडसर. मिलानला बायकांचा संडास कुठल्या बाजूला? डावीकडे, मी ठोकून दिलं. पंधरा दिवसांनी त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि मी उजवीकडे म्हणाले. त्यांनी वहीची मागची पानं चाळली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे लिहिलं, दोन्ही बाजूंना.

मला घाम फुटायचा. शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी एका प्रवास कंपनीत शिरले. आपण शाळामास्तरीण आहोत, मुलांना भूगोल शिकवायचा आहे, असं सांगून त्यांची रंगीत पत्रकं उचलून आणली. ती पाठ केली. पण पत्रकात गाई असतात, बोगदे असतात, संडास कुठल्या बाजूला ते नसतं. साबिनो म्हणाला, सरळ सांगून टाक. मी म्हटलं, आणि अख्ख्या इमारतीत माझं नाक कापून घेऊ? डॉक्टरीणबाई तर मिठाई वाटेल.

पण खरी फजिती पुढेच होती. जूनच्या एका गुरुवारी त्या वहीऐवजी क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा भला मोठा गुंडा घेऊन आल्या.

"रिकाम्या हाताने कसं जायचं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या घरमालकिणीसाठी काहीतरी विणते. मातेओ म्हणतो, गावाचं नाव सांगा, गाडीने तुम्हाला तिच्याकडे नेऊन आणतो. मिशी असली म्हणून काय झालं, बाई चांगली दिसतेय."

मी म्हटलं, कशाला उगाच, तिच्याकडे सगळं आहे. म्हटलं, तिला पांढरा रंग आवडत नाही. म्हटलं, ती म्हातारी होती, आता असेल की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, गेली असेल तर थडग्यावर घालू, आणि विणत राहिल्या.

त्यानंतर मला झोप लागेना. दोन्ना इन्कोरोनातांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. खिडकीजवळ खुर्ची ओढून, सुई नाकाशी धरून, त्या एकेक टाका मोजत घालायच्या. एखादा चुकला की दोन ओळी उसवायच्या. जून गेला, जुलै अर्धा झाला, तरी ते विणकाम संपेना. मांडीवरून खाली लोळायला लागलं, जमिनीला टेकलं. कुणासाठी? तर मी जिन्यात एका 'यंदाही'च्या रागाने तोंडातून काढलेल्या एका मिशाळ बाईसाठी. मला माझीच इतकी शरम वाटली की एका गुरुवारी मी तरल्लीचा घास तसाच टाकला आणि उठले.

पण बोलायचं कसं? खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरणार, ते एक वेळ चालेल. पण मग त्या कुणाच्या भरवशावर मिलानला उतरणार? जाणारच नाहीत. तिकडे ते पोर मोठं होईल आणि आजी म्हणजे भिंतीवरची तसबीर, एवढंच त्याला माहीत होईल. आणि हे सगळं माझ्या जिभेपायी.

तरी मी बोलले. उभ्यानेच, त्यांच्याकडे न बघता, सगळं एका दमात सांगून टाकलं. की मी स्वित्झर्लंड कधी पाहिलं नाही. मिलानसुद्धा नाही. की फ्राउ रोझली नाही, अकॉर्डियन नाही, मावशीदेखील केव्हाच, सत्त्याहत्तर साली वारली. की ते पंधरा दिवस आम्ही इथेच असतो, झडपांच्या आत. की तुम्ही उगाच डोळ्यांच्या खाचा करून घेतल्यात, मला माफ करा.

दोन्ना इन्कोरोनातांनी टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि सुई गुंड्यात खोचली.

"झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू थेट बाप्तिस्म्यापर्यंत ओढतेस की काय."

मी खुर्चीत बसलेच.

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्या वर्षी त्यांचा नवरा गेला, त्या ऑगस्टमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की त्या बहिणीकडे समुद्रावर, मान्फ्रेदोनियाला चालल्या आहेत. गेल्या नव्हत्या. बहिणीशी त्यांचं पटत नाही, आणि काळ्या कपड्यांत समुद्रावर जाऊन करायचं काय? त्याही झडपा लावून घरात बसल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी बसतात. त्यांचं आणि आमचं मागचं अंग एकाच चौकात उघडतं, आणि झडपेच्या फटीतून आमची गॅलरी सरळ दिसते.

"तो पहिला ऑगस्ट माझा जात नव्हता," त्या म्हणाल्या. "घरात चिटपाखरू नाही, इमारतीत कुणी नाही. दुपारी तर वाटायचं, आता भिंती अंगावर येतात. मग भिंतीपलीकडे तुझा साबिनो उशीत तोंड खुपसून खोकायचा. मी म्हणायची, चला, कुणीतरी आहे. त्याच्या खोकल्यावर मी जेवायला बसायची."

माझे डोळे भरून आले आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम. मी विचारलं, मग आधीच का नाही सांगितलंत? आणि सगळं ठाऊक असताना मलाच का बरोबर घ्यायचं, मला तर रस्ताही माहीत नाही.

"सरळ विचारलं असतं तर तू आली असतीस? सतरा कारणं सांगितली असतीस," त्या म्हणाल्या. "आणि रस्ता काय, विचारत विचारत जाऊ. पंधरा दिवस त्या भट्टीत, तळण नाही, बोलणं नाही, अकरा वर्षं बसलीस. एकदा ठरवलं की तू हलत नाहीस. मिलानच्या गर्दीत माझा हात सोडून जाणारी बाई ही नव्हे, एवढं मला कळतं."

मग त्या उठल्या, ते विणकाम दोन्ही हातांनी पसरलं आणि मला एक टोक धरायला लावलं. टेबलक्लॉथ कसला, चांगलं पुरुषभर उंच आणि गॅलरीएवढं रुंद होतं. वरच्या कडेला दोरी ओवायला फासे केलेले.

"हे तुझ्या मागच्या गॅलरीसाठी," त्या म्हणाल्या. "त्या चादरीला भोक पडलंय. त्यातून बरोबर साबिनोचं टक्कल दिसतं. चार वर्षं बघतेय मी."

पलीकडच्या खोलीत काहीतरी गुदमरल्यासारखं झालं. साबिनो दाराला कान लावून उभा होता आणि सवयीने तोंडावर उशी दाबून खोकत होता.

दोन्ना इन्कोरोनातांनी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं, "साबिनो, आता खोक बाबा मोकळ्याने. मी इथेच आहे, आणि तुझी बायको माझ्याबरोबर येतेय."

तो बराच वेळ खोकला. आम्ही दोघींनी मधल्या वेळात गॅलरीत पडदा लावून बघितला, आणि मग दोन्ना इन्कोरोनातांनी वही उघडून मिलानच्या पानावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.