खेकड्याचे तीन दाते

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून येणाऱ्या जबड्यांच्या साच्यांवर मेणात दात बसवायचे, धातूचं ओतकाम करायचं, घासून गुळगुळीत करायचं, यात तिची वीस वर्षं गेली होती. सगळे तिला दातवालीच म्हणत. घरी मात्र तिच्या काचेच्या कपाटात पत्र्याचे, किल्लीवर चालणारे जुने यंत्रप्राणी उभे होते. चौकोनी डोक्याचा बेडूक, पोटात चक्र फिरणारं अस्वल, तोंडातून ठिणग्या उडवणारा डायनासोर. एकाच बंद पडलेल्या कारखान्याच्या बारांपैकी अकरा. बारावा, खेकडा, तिला नऊ वर्षं हुलकावणी देत होता.

आणि सापडला तो कुठे, तर दोन गल्ल्या सोडून, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे.

"विकायचा नाही," बाई दारातच म्हणाल्या. "माझ्या भावाचा आहे. गेला तो. आणि खेकडा चालतही नाही."

"मी चालवून देते."

"घड्याळजीने हात टेकले त्याच्यापुढे."

"घड्याळजी कुठे दात बनवतो?"

बाईंना हसू आलं. त्यांनी तिला आत घेतलं. जेवणाच्या टेबलावर तिने खेकड्याचं पोट उघडलं. स्प्रिंग धडधाकट होती, पण नखाएवढ्या एका चक्राचे तीन दाते तुटले होते. बाई चक्र घराबाहेर नेऊ देईनात. मग दुसऱ्या दिवशी ती जबड्याचं माप घ्यायचा मऊ लगदा घेऊन आली आणि चक्राचा साचा तिथेच काढला.

साच्यावरून मेणाचं चक्र बनवून तिने तीन दाते कोरून बसवले आणि ते धातूत ओतलं. पहिलं चक्र थंड होताना केसभर आकसलं. दुसरं अडकलं.

"सोड ना आता," नवरा म्हणाला. "अकरा काय कमी आहेत?"

"अकरा म्हणजे अकराच," ती भिंगातून मान वर न करता म्हणाली.

तिसरं चक्र बाईंच्या टेबलावर खेकड्यात नेमकं बसलं. खेकडा खरखरला, नांग्या वाजवत तिरका धावला आणि बाईंनी तो काठावर झेलला.

"अस्साच पळायचा," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "आणि भाऊ आरडाओरडा करत त्याच्या मागे."

"आता द्याल मला?"

"आता तर मुळीच नाही."

तिचा चेहरा पडला. "बाई, स्पष्ट बोलते. मला वाटलं होतं, तुम्ही द्याल."

"मी कुठे कबूल केलं होतं?"

ते खरंच होतं. तिने हत्यारं पिशवीत भरली आणि निघाली. दोन दिवस तिने कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कामावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. स्प्रिंगचा सगळा जोर त्याच दात्यांवर येत होता. म्हणजे जगातले सगळे खेकडे तिथेच मोडत असणार! साचा तर तिच्याकडेच होता. तिने ओळखीच्या सगळ्या संग्राहकांना कळवलं: खेकडा बंद असेल तर चक्र मी करून देते.

पाच जणांनी उत्तरच दिलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, मग फोन केले. शेवटी एक म्हातारा वायरमन सापडला. त्याच्याकडे दोन खेकडे होते, दोन्ही गप्प.

"दोन चक्रं माझी, एक खेकडा माझा," ती म्हणाली.

"चालले तर."

रविवारी तो बुटांच्या खोक्यात दोघांना घेऊन आला. तिने चक्रं बसवली, कणभर तेल सोडलं, किल्ल्या फिरवल्या. दोन खेकडे एकमेकांना धडकत निघाले तेव्हा वायरमन लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. तिने त्याला आधी निवडू दिलं. त्याने गंजलेला उचलला. "याच्याशी माझी जुनी ओळख आहे," तो म्हणाला.

नवऱ्याने बारावा स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला आणि हुश्श केलं. "झाले एकदाचे!"

ती तोवर वायरमनकडे वळली होती.

"काका, तुमच्याकडे आणखी काय काय बंद पडलंय?"